पाकिटावरची ॲसिडिटी पोटातली नव्हे

सप्रेम नमस्कार.
आम्ही कोथरूडला राहतो. घरात मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंना पित्ताचा जुना त्रास आहे. सासरे ७२ वर्षांचे, त्यांची किडनी कमजोर झाली आहे. डायलिसिस नाही, पण ‘रक्तातलं फॉस्फरस वाढतंय, जपा’ असं डॉक्टरांनी बजावलंय. गेल्या महिन्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, की ‘ई ३३०’, म्हणजे सायट्रिक ॲसिड, हे सगळ्यात जहाल कॅन्सरकारक रसायन आहे. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी जॅम आणि सॉस फेकून दिला. माझ्या आईने सांगलीहून पाठवलेली लिंबाच्या सरबताची बाटलीही मोरीत ओतली, कारण त्यात सायट्रिक ॲसिड आहे असं आईच फोनवर बोलून गेली होती. दुसरीकडे सासऱ्यांना मात्र जेवणानंतर रोज ग्लासभर काळं कोल्ड्रिंक मिळतं. बाटलीवर ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ लिहिलंय, म्हणजे पोटाला बरं, असं सासूबाईंचं म्हणणं. मुलाच्या नूडल्सच्या पाकिटावरही तेच शब्द आहेत. यातलं खरं काय धरायचं? घरात अबोला सुरू झालाय.
– एक वाचक, कोथरूड

ताई, सगळ्यात आधी सासऱ्यांचं ते कोल्ड्रिंक बंद करा. आजच्या जेवणापासून. बाकीचं आपण सावकाश बोलू.

तुमच्या घरातला गोंधळ एका शब्दामुळे झाला आहे आणि त्यात सासूबाईंची चूक नाही. आपल्याकडे ॲसिडिटी म्हटलं की छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री जागरण झालं की सकाळी डोकं धरणं. पाकिटावरचा शब्द खाणाऱ्याच्या पोटाबद्दल नाहीच, तो आतल्या पदार्थाच्या आंबटपणाबद्दल आहे. पदार्थ किती आंबट किंवा किती खारवट (सोड्यासारखा) राहावा हे जुळवण्यासाठी कारखान्यात जे काही घालतात, ते सगळं ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ या एका नावाखाली जातं. त्यात आम्लं येतात, त्यांच्या उलट गुणाचे अल्कली येतात आणि आंबटपणा एका जागी धरून ठेवणारे क्षारही येतात. ‘फोडणीचं सामान’ म्हटलं की त्यात मोहरी आली आणि हिंगही आला, तसंच हे. नुसत्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. ते कळतं पुढच्या आकड्यावरून. आपल्या कायद्याप्रमाणे असा पदार्थ घातला, की त्याच्या कामाचा वर्ग आणि सोबत त्याचं नाव किंवा आंतरराष्ट्रीय क्रमांक छापावाच लागतो. युरोपात त्याच क्रमांकाआधी ‘ई’ लावतात, म्हणून मेसेजमध्ये ‘ई ३३०’ आणि तुमच्या जॅमच्या बाटलीवर नुसतं ३३०.

हे काम काही कारखान्यांनी शोधून काढलेलं नाही. आमटीत आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं, हे तुमच्या सासूबाईंना कुणी पुस्तकातून शिकवलं नसेल. आधी घातलं तर डाळ शिजता शिजत नाही, कारण आंबटपणामुळे दाण्याच्या सालातलं आणि पेशींमधलं पेक्टिन, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, घट्ट धरून राहतं. उलट छोले भिजवताना चिमूटभर सोडा टाकला की ते लोण्यासारखे होतात. पापडाच्या पिठात पापडखार घालतो, तो सोडियम कार्बोनेटच्या घराण्यातला क्षार, पाकिटाच्या भाषेत ५००. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, तो चुना म्हणजे ५२६. दह्यातलं आम्ल २७०, व्हिनेगरमधलं २६०, सफरचंदातलं २९६, चिंचेतलं ३३४. आणि लिंबातलं ३३०.

हो, तुमच्या सासूबाईंनी ज्याची धास्ती घेतली, ते हेच. सायट्रिक ॲसिड. स्वीडनमधल्या कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून स्फटिकरूपात वेगळं केलं. पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते लिंबांपासूनच काढत. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिलं, की काळ्या बुरशीच्या एका जातीला साखरेचं पाणी दिलं तर ती भरभरून सायट्रिक ॲसिड तयार करते. दोनच वर्षांत त्याचा कारखाना उभा राहिला आणि आज बाजारात मिळणारं जवळपास सगळं सायट्रिक ॲसिड असंच, मळी किंवा मक्याच्या साखरेवर बुरशी वाढवून बनतं. बुरशी ऐकून दचकू नका. द्रव गाळून, शुद्ध करून, स्फटिक करूनच ते येतं आणि रेणू लिंबातल्या रेणूसारखाच असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने त्याच्या रोजच्या सेवनावर आकड्याची मर्यादा घालायची गरज मानलेली नाही.

मग कॅन्सरची आवई आली कुठून? ती व्हॉट्सॲपहून जुनी आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एक टंकलिखित पत्रक हातोहात फिरू लागलं. व्हिलजुइफ इथल्या एका रुग्णालयाचं नाव त्यावर होतं. रुग्णालयाने ‘आमचा याच्याशी संबंध नाही’ असं जाहीर केलं, तरी पत्रक वर्षानुवर्षं शाळांत, दवाखान्यांत, घराघरांत झेरॉक्स होत राहिलं. त्यात ३३० ला सगळ्यात घातक ठरवलं होतं. याचं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं आणि मराठी माणसाला ते चटकन पटेल. आपल्या प्रत्येक पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार होताना सायट्रिक ॲसिडचं एक चक्र चालतं. हान्स क्रेब्स यांनी ते १९३७ मध्ये मांडलं, त्यासाठी त्यांना १९५३ चं नोबेल मिळालं. जीवशास्त्राच्या पुस्तकात ते ‘क्रेब्स चक्र’ म्हणून असतं. आता जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा आणि तोच शब्द कर्करोगालाही. आपल्याकडेही कर्क म्हणजे खेकडाच की! कुणीतरी सायट्रिक ॲसिडच्या शेजारी ‘क्रेब्स’ वाचलं आणि शास्त्रज्ञाच्या आडनावाचा रोग केला. सासूबाईंना ही गोष्ट तुम्ही सांगू नका, नातवाला सांगायला लावा. त्याच्या तोंडून ऐकलेलं त्या मनावर घेतील.

सायट्रिक ॲसिड जॅममध्ये कशाला हवं, हे पाहायचं असेल तर थंडीत मंडईतून किलोभर पेरू आणा. मी ३२ वर्षं अन्नतंत्रज्ञान शिकवलं आणि दर वर्षी नव्या बॅचला पहिलं प्रात्यक्षिक पेरूच्या जेलीचंच दिलं. पेरूच्या फोडी पाण्यात मऊ शिजवायच्या, मलमलच्या फडक्यात बांधून टांगायच्या, न पिळता रस गळू द्यायचा. त्यात साखर घालून उकळायला ठेवलं, की काही वेळाने तो छान लालसर होतो, वास सुटतो, पण चमच्याने वर उचलला की पाकासारखा थेंब थेंब गळत राहतो. कितीही आटवा, काकवी होते, जेली होत नाही. मग चमचाभर सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून घालायचं. काही मिनिटांत चमच्याच्या कडेला दोन थेंब सरकत सरकत एकत्र येतात आणि पातळ पडद्यासारखे एकदम तुटून पडतात. मुली ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायच्या. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, पण ते साखरेसोबत धरायला आंबटपणा लागतो, आणि पेरूत तो पुरेसा नसतो. जॅममध्ये ३३० असण्याचं कारण एवढं साधं आहे.

दुसरं कारण जिवाशी संबंधित आहे. हवाबंद डब्यात वाढून अत्यंत जहाल विष तयार करणारे बॉट्युलिझमचे जंतू ४.६ पेक्षा कमी पीएचमध्ये, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात, वाढू शकत नाहीत. टोमॅटोचा पीएच या रेषेच्या आसपासच घुटमळतो. पिकलेला, गोडसर टोमॅटो रेषा ओलांडतोही. म्हणून डबाबंद प्युरीत आम्ल घालतात. घरी कुणी टोमॅटोची प्युरी बाटल्यांत भरून ठेवत असेल, तर ‘आम्ही काहीच घालत नाही’ याचा अभिमान बाळगू नये, लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड जरूर घालावं. तुमच्या आईंनी सरबतात घातलं ते योग्यच होतं. पावडर फक्त खाण्याची, सीलबंद, अन्न परवाना क्रमांक छापलेली घ्या. किटली आणि नळावरचे डाग काढायलाही हीच पावडर विकतात. ती खाण्याच्या दर्जाची असेलच असं नाही.

आता सासऱ्यांकडे येते, कारण खरी काळजी तिथे आहे आणि तुमच्या घरात नेमकं तिथे कुणाचं लक्ष नाही.

कोल्ड्रिंकची बाटली हातात घ्या. काळ्या कोलावर ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’पुढे ३३८ दिसेल. ते फॉस्फोरिक ॲसिड. निरोगी माणसाची किडनी जास्तीचं फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकते. कमजोर किडनीला ते जमत नाही, मग ते रक्तात साठतं. हाडांमधून कॅल्शियम ओढलं जातं, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना बसू लागतो, अंगाला न थांबणारी खाज सुटते. डॉक्टर ‘जपा’ म्हणाले ते यासाठी. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घरात कुणी सांगत नाही: सगळं फॉस्फरस सारखं अंगी लागत नाही. डाळी-धान्यांतलं बरंचसं फायटेटच्या रूपात बांधलेलं असतं, आपलं पोट ते पूर्ण सोडवू शकत नाही. दूध, अंडी, मांस यांतलं साधारण निम्मं-पाऊण शोषलं जातं. पण कारखान्यात घातलेले फॉस्फेटचे क्षार मोकळे असतात, त्यातलं जवळजवळ सगळं रक्तात जातं. त्यामुळे अनेक घरांत बिचाऱ्या रुग्णाची आमटीची वाटी काढून घेतली जाते आणि चीजची स्लाइस तशीच राहते.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं डायलिसिस पाच वर्षं चाललं. आम्ही तिचं दूध मापून देत होतो, शेंगदाण्याचं कूट बंद केलं होतं, आणि जिभेला चव नाही म्हणून तिला आवडतं ते चीज, चहात दुधाऐवजी डेअरी व्हाइटनर, अधूनमधून केकचा तुकडा देत होतो. फॉस्फरस खाली येत नव्हतं. ज्या रुग्णालयात ती जायची तिथे मिळालेल्या छापील तक्त्यात ‘दूध, डाळी, सुकामेवा टाळा’ एवढंच होतं, पाकिटांबद्दल अवाक्षर नव्हतं. एका दुपारी मी फ्रिज उघडून सगळी लेबलं वाचली. त्यानंतर तिचं जेवण उलट मोकळं झालं, आणि पुढच्या काही तपासण्यांत आकडाही उतरला. ती लेबलं वाचायला मला दीड वर्षं लागली, याचं दुःख माझ्या मनातून जात नाही. म्हणून तुम्हाला एवढं आग्रहाने लिहिते आहे.

लक्षात ठेवायचे आकडे थोडे आहेत. ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२. हे सगळं फॉस्फेटचं कुटुंब. अडचण अशी, की ते नेहमी ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ म्हणूनच समोर येत नाहीत. चीजच्या स्लाइसवर ते ‘इमल्सिफायर’ असतात, केकच्या तयार पिठावर ‘रेझिंग एजंट’, डेअरी व्हाइटनरवर ‘स्टॅबिलायझर’. नूडल्सच्या अनेक पाकिटांवर ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ म्हणून ५०० आणि ५०१ असतात. ते निव्वळ सोडा-पोटॅश, शेवया पिवळसर आणि लवचिक होण्यासाठी. आणि त्याच ओळीत थोडं पुढे ‘ह्युमेक्टंट ४५१’ (ह्युमेक्टंट म्हणजे ओलावा धरून ठेवणारा पदार्थ) लिहिलेलं असतं. वर्गाचं नाव वाचून थांबलात तर हे निसटणारच. घरात मांसाहार असेल तर फ्रोझन कोळंबी, नगेट्स, सॉसेज यांच्या पाकिटांवरही बोट फिरवा. आकड्यापुढचं कंसातलं छोटं रोमन अक्षर फक्त उपप्रकार सांगतं, त्याने कुटुंब बदलत नाही. आणि किती घातलंय ते लेबलवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे ‘थोडंसं चालेल’ हा हिशेब घरी करता येत नाही. सासऱ्यांसाठी हे आकडे दिसले की तो पदार्थ बाजूला, इतकंच.

पोटॅशियमही जपायला सांगितलं असेल तर ३३२, ५०१ आणि ५०८ यांच्याकडेही पाहा. आणि बीपीसाठी म्हणून ‘लो सोडियम’ मीठ घरात आणलं असेल, तर त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीच्या रुग्णाला ते डॉक्टरांना न विचारता कधीही देऊ नका. बेकरीच्या सुट्या मालावर लेबल नसतं, तिथे ‘बेकिंग पावडर घालता की सोडा?’ एवढं विचारायला संकोच वाटू देऊ नका. बेकिंग पावडरमध्ये बहुतेक वेळा फॉस्फेट असतं, नुसत्या खायच्या सोड्यात नसतं. डाळ किती, दूध किती, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनी आणि किडनीच्या आहारतज्ज्ञांनीच ठरवायचं. माझ्या पत्रावरून सासऱ्यांची आमटी वाढवूही नका आणि कमीही करू नका.

आणखी एक. सासूबाईंच्या पित्ताचं पांढरं, घट्ट, चमच्याने घ्यायचं औषध सासरेही घेतात का, ते बघा. त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असेल आणि सोबत लिंबूपाणी किंवा फसफसणारी पावडर घेतली, तर सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम जास्त शोषलं जातं आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. सासूबाईंना याने काही होणार नाही, सासऱ्यांना होऊ शकतं. पुढच्या भेटीला औषधाची बाटलीच सोबत न्या.

सासूबाईंचं पित्त. पाकिटावरच्या रेग्युलेटरने ते कमीही होत नाही आणि फक्त त्याच्यामुळे सुरूही होत नाही. जठरातलं स्वतःचं आम्ल जॅम-सॉसपेक्षा कितीतरी तीव्र असतं. पण अन्ननलिका हुळहुळी झालेली असेल तर कुठलंही आंबट झोंबतं, मग ते आमसूल असो, टोमॅटो असो की ३३०. त्यांना चिंचेची आमटी सोसत असेल तर चमचाभर सॉसही सोसेल. कोल्ड्रिंकने ढेकर येऊन क्षणभर हलकं वाटतं, ते फक्त वायूचं काम. त्याच वायूने पोट फुगून आंबट पाणी पुन्हा वर येतं. त्रास रोजचा असेल, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय थांबवून पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलाचं थोडक्यात. नूडल्समधल्या ५००, ५०१, ३३० ने त्याला काही होणार नाही. नूडल्स रोज नकोत, त्या मैदा, मीठ आणि तेलासाठी. मला त्याच्या आंबट गोळ्यांची जास्त चिंता वाटते. त्यांच्या वरची ती पांढरी भुकटी म्हणजे सायट्रिक, मॅलिक, टार्टरिक अशी आम्लं. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दातांचं एनॅमल विरघळायला लागतं आणि गोळी तासभर चघळली तर तो तासभर खालीच राहतो. खायचीच तर एकदाच खाऊन संपवू दे, लगेच पाण्याने चूळ भरू दे, ब्रश मात्र अर्ध्या-पाऊण तासाने.

कुठल्याही आकड्याला सरसकट चांगला-वाईट म्हणता येत नाही, याचं एक उदाहरण तुमच्या दारात रोज येतं. खायचा सोडा बिस्किटात चालतो, ढोकळ्यात चालतो. तोच सोडा आंबू लागलेलं दूध ताजं भासवण्यासाठी दुधात टाकला तर कायद्याने ती भेसळ आहे. अशा कुठल्याही वस्तूची शंका आली तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकसुद्धा फी भरून तिची तपासणी करून घेऊ शकतो. राज्य सरकारची आरोग्य प्रयोगशाळा आपल्या पुण्यातच आहे.

सासूबाईंशी बोलताना मेसेज खोटा होता हे सिद्ध करायला जाऊ नका. त्यांनी जे ओतलं ते घरच्यांच्या काळजीपोटी ओतलं. एका रविवारी त्यांच्या डब्यातला पापडखार, तुमचा सोडा आणि एक लिंबू घेऊन ओट्याशी बसा. गोकर्णीची चार निळी फुलं गरम पाण्यात टाका, दोन वाट्या करा. एकीत लिंबू पिळलं की पाणी जांभळं-गुलाबी होईल, दुसरीत पापडखार टाकला की हिरवट. हळदीच्या पाण्यात पापडखार टाकला तर कुंकवासारखं लाल. मुलगा डोळे विस्फारून बघेल, सासूबाई पापडाच्या पिठाबद्दल सांगू लागतील. त्याच बैठकीत फ्रिजमधली पाकिटं काढा आणि फॉस्फेटचे आकडे शोधायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. ज्या बाईने एका मेसेजवर सगळं घर झाडून काढलं, तिच्या नजरेतून ४५१ सुटणार नाही. बारीक छपाईसाठी भिंग लागेल, आणि बहुतेक पाकिटांवर इंग्रजीच असतं, म्हणून आकडे एका मराठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवा.

तुमच्या आईंना सरबताची दुसरी बाटली पाठवायला सांगा. सासऱ्यांच्या फॉस्फरसचा पुढचा रिपोर्ट आला की मला जरूर कळवा, मी वाट पाहते आहे.